गोठ्यामागचा कडू मुनगा

हैदराबाद

माय, तुले पाया पडतो. मी बरी आहो, काळजी नको करू.

पाला तो पाला म्हणून तू दोन्ही मुनग्यांचा एकाच पिशवीत भरला होता, म्हणून फेर मागवला. आता आमच्या प्रयोगशाळेत ‘शेवगा एक’, ‘शेवगा दोन’ अशा चिठ्ठ्या लावून वेगवेगळा तपासला. अंगणातल्या गोड पाल्यापेक्षा गोठ्यामागच्या कडू पाल्यात लोह दुप्पट निघालं.

कैलाशदादा गोठा वाढवाले ते झाड तोडणार होता ना? तोडू द्यायचं नाही. त्याचीच फांदी लाव, बी नको. बियाचं झाड मायवर जाईलच असं नाही.

चंदावहिनीले सातवा लागला ना? रक्त वाढलं का? तिले हाच पाला खाऊ घाल. तोंड वाकडं केलं तर सांग, नणदेचंही रक्त कमी निघालं, अन् उरलेला पाला ती रोज मुकाट्यानं खाऊन राहिली.

तुझी पोरगी,
तृप्ती