टाकीपुढचं वळण

४ मार्च
अक्षरं नातीची, बडबड माझी. आज बडबडही आटली आहे, पण वही उघडलीच आहे तर लिही बाई.

सूनबाईची सकाळी दहाला मुलाखत होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये. आठ वर्षं घरात काढून पहिल्यांदा बाहेर पडायचं होतं तिला. मला त्याच बाजूला डोळे दाखवायचे, म्हणून मी गाडीत तिच्या शेजारी बसले. फोनमधली बाई सारखी रस्ता सांगत होती. मी म्हटलं, गप्प कर तिला, एक सासू पुरे नाही का? सून हसली, फोन पर्समध्ये टाकला. पाट्या मला वाचता येत नसल्या तरी हायवेच्या खुणा तोंडपाठ – जुन्या टायरांचा ढीग, मग निळी पाण्याची टाकी, टाकीपुढे डावीकडे उतरायचं.

एका वळणाशी तिने गाडी हळू केली. "आई, हेच का?"
"निळी टाकी कुठंय? चल पुढे."

पुढचं वळण सात किलोमीटरवर! तिथून परतीच्या बाजूला जोडरस्ताच नाही. गोदामांच्या मधून, ट्रकांच्या मागून रांगत गेलो. पोचलो तेव्हा पावणेअकरा. तिला आत घेतलं नाही.

५ मार्च
मुलगा बायकोवर घसरला. वेळेवर निघता येत नाही, कुणी कसं कामावर ठेवील, वगैरे. आईंनी रस्ता सांगितला, एवढं तिने म्हणायचं होतं. तेवढंही ती म्हणाली नाही. मी चहात बिस्कीट बुडवत होते. तुटून तळाशी गेलं, तरी मान वर केली नाही.

६ मार्च
नातीने बापाला टाकीचं सांगितलं होतं. आज मुलगा सांगत आला, टाकीला पांढरा रंग दिलाय. नात म्हणाली, मग आजीची चूकच नाही! सगळे हसले. मीपण. त्या हसण्याची जास्त लाज वाटते.

७ मार्च
काही नाही. मीट वही.

९ मार्च
नातीला खेळायला पिटाळलंय. आज सूनबाई लिहिते आहे. सांगेन तसं लिही, मधे बोलू नकोस.

तू "हेच का" विचारलंस, तेव्हा हेच होतं. पांढरी झाली तरी टाकी मी ओळखली होती. तू कामाला लागलीस तर दिवसभर या घरात मी भांडायचं कुणाशी, एवढंच मनात आलं. आणि पुढे चल म्हटलं.

पेन खाली ठेवू नकोस, बाई. लिही.