चार घोंगडी, दोन लुगडी आणि तीन किलोवॅट

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, २२ मे २०२४

तीर्थरूप सोनाजी मामांस,

जावई बिभीषणाचा हात जोडून आणि मान खाली घालून नमस्कार (मान शनिवारपासून खालीच आहे, वेगळी घालावी लागली नाही). इथं आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे जेवतो आणि कामाला जातो. तुमचा मोतीबिंदू पिकला का? मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होता की समोरून माणूस येतंय का मेंढरू एवढं कळतं आणि तेवढ्यावर माझं भागतं. मेंढरांना चारा मिळतो का, टँकर कितव्या दिवशी येतो, तेही कळवा. इथं नळाला आठव्या दिवशी पाऊण तास पाणी येतं, आणि आजूबाजूला मात्र रोज एक नवी बिल्डिंग उभी राहते. त्या बिल्डिंगीतली माणसं काय पिणार, हे बिल्डरला विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता मुद्द्याचं. मामी रविवारच्या एसटीनं अचानक गावी आल्या. का आल्या हे त्या सांगणार नाहीत, त्यांचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगू. पण तुम्ही मनात म्हणत असाल की टँकरमागं हंडे घेऊन पळायला नको म्हणून पाऊस पडेपर्यंत लेकीकडं पाठवली, आणि जावयानं सव्वा महिन्यात परत धाडली. तसं नाही मामा. म्हणजे तसंच आहे, पण कसं झालं ते ऐका. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलायची लाज वाटते, म्हणून ही चिठ्ठी बन्सी जीपवाल्याच्या हाती देतोय. मामींच्या हाती बिलकुल पडू देऊ नका.

सुरुवात सत्यमपासून झाली. हा सोलर एजन्सीचा माणूस, बोलायला लई गोड. त्यानं आमच्या ओट्यावर बसून चहा घेता घेता असं गणित मांडलं की मला माझ्या शाळेतल्या गुरुजींचा राग आला (त्यांनी एवढ्या सोप्या भाषेत कधी शिकवलं नाही). गच्चीवर सहा पॅनल, तीन किलोवॅट. बँक कर्ज देणार, सरकार सबसिडी देणार, ऊन तर फुकटच आहे. लाईटचं बिल जवळपास बंद, आणि त्या वाचलेल्या बिलातून बँकेचा हप्ता फिटणार. म्हणजे खिशाला हात न लावता मी विजेचा कारखानदार. त्याच कर्जात त्यानं कमी वीज खाणारे चार पंखेही बसवले. (ते पंखे आवाजच करत नाहीत, त्यामुळं मामी पहिले तीन दिवस पंखा बंद आहे समजून पदरानं वारा घेत खाली बसायच्या.) बँकेत सोनिया मॅडम म्हणून साहेबीण आहेत, त्यांनी माझ्या इतक्या सह्या घेतल्या की शेवटची सही मलाच ओळखू येईना. प्रत्येक सहीनंतर त्या अजून एकच म्हणायच्या. एवढी माणसं मागं लागलीत म्हटल्यावर आपण फार मोठं काम करतोय असं मला वाटलं.

पॅनल बसले त्याच आठवड्यात मामी आल्या. येताना तुमची चार घोंगडी घेऊन आल्या. बेचाळीस डिग्रीत घोंगडी कशाला, असं माझ्या मनात आलं, पण प्रांजली म्हणाली की बंद पेटीत कसर लागते म्हणून आईनं आणली. मामींना विचारायची सोय नव्हती, आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सासू जावयासमोर पदर पुढं ओढणार आणि त्याच्याशी थेट बोलणार नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, मामी माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत आणि मी त्यांच्याशी नाही. जे काय असंल ते प्रांजलीमार्फत, आणि प्रांजली घरात नसली की भिंतीमार्फत. त्या भिंतीकडं बघून म्हणणार, त्यांना म्हणावं भाकरी झाकून ठेवलीय. मी भिंतीकडं बघून म्हणणार, बरं. आणि मी गच्चीवर चढलो की त्या लगेच खाली उतरणार. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. खरं सांगायचं तर घरातली ती सगळ्यात शांत व्यवस्था होती.

एक गोष्ट मात्र मामींना सहन होईना. सत्यमनं बजावलं होतं की काचेवर धूळ बसली की वीज कमी होते, आठवड्याला पॅनल धुवा. माझी सुट्टी शुक्रवारी. मी शुक्रवारी सकाळी दोन बादल्या पाणी गच्चीवर नेऊन काचा धुतल्या. ते पाणी मामींनी भरलेलं होतं. कितव्या तारखेला नळ आला ते त्या खडूनं ड्रमवर लिहून ठेवतात, आणि वरणाच्या डाळीचं धुवण सुद्धा तुळशीला घालतात. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री प्रांजलीनं निरोप आणला, आई विचारते की काचेला तहान लागते का. मी जरा चिडलो (वाळूजला दिवसभर मशीनपुढं उभं राहून आल्यावर माणूस काचेच्या तहानेवर काय बोलणार). मी प्रांजलीला म्हटलं, त्यांना सांग, कर्जाची वस्तू आहे, पंचवीस वर्षं टिकवायची आहे, तिच्यावर धुळीचा कण बसू देऊन चालणार नाही. मामा, हे वाक्य लक्षात ठेवा. हे माझंच वाक्य आहे.

त्यानंतर मला काचा धुवायची गरजच पडली नाही. मी संध्याकाळी सातला घरी येऊन वर जाऊन बघायचो, तर पॅनल आरशासारखे. आख्ख्या गल्लीत असे पॅनल कुणाचे नाहीत. मी शेजाऱ्यांना हाका मारून दाखवले. आणि मग महिन्याचं बिल आलं. ते मी उभ्यानं वाचलं आणि मग बसून परत वाचलं. बिल होतं तेवढंच होतं, वर पंखे नवीन, आणि त्याच दिवशी बँकेनं हप्ताही कापून घेतला. खिशाला हात लावायचा नव्हता ना, आता खिसाच राहिला नव्हता.

मोबाईलमध्ये रोज किती वीज तयार झाली ते दिसतं. मी ते उघडून बघितलं आणि मला घामच फुटला. सकाळी थोडी रेघ वर चढायची, नऊ वाजले की धाडकन खाली, संध्याकाळी पाचनंतर परत किंचित वर. ऐन उन्हात शून्य. फक्त शुक्रवारी दिवसभर झकास वीज. म्हणजे मी घरी असलो की पॅनल काम करणार आणि मी कामाला गेलो की तेही सुट्टी घेणार. माझ्या सुपरवायझरलाही माझा एवढा वास लागत नाही. सत्यमला फोन केला तर तो म्हणाला, सर, ढग असतील. मामा, दुष्काळात, मे महिन्यात, ढग. ढग असते तर मी पॅनलच्या पाया पडलो असतो. मी तडक बँकेत अर्ज दिला की तुमच्या कर्जातून आलेलं मशीन खोटं आहे, ते दुरुस्त होईपर्यंत हप्ता देणार नाही. खाली ठळक सही केली. ही सही मात्र झकास आली.

अर्ज वाचून सोनिया मॅडम स्वतः निघाल्या. शनिवारी दुपारी साडेबाराला मी हाफ डे टाकून आलो, मॅडम आल्या, सत्यम आला. प्रांजली छावणी भागातल्या दवाखान्यात ड्युटीवर होती, म्हणजे मध्ये बोलायला माणूस नव्हतं. आम्ही तिघं जिना चढून गच्चीवर गेलो. मामा, काय बघितलं ते सांगतो. सहा पॅनल होते तिथंच होते. चार पॅनलवर तुमची चार काळी घोंगडी अंथरलेली, दोनांवर मामींची दोन लुगडी. वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येक कोपऱ्याला सुतळीनं दगड बांधलेला. आणि त्या कर्जाच्या सावलीत मामी बसल्या होत्या, हातात एक सुटलेला दगड बांधायला सुतळी.

सत्यमनं फोटो काढला. (तो फोटो आता बँकेत माझ्या फायलीत आहे. तुमचं घोंगडं तिथं माझ्यापेक्षा स्पष्ट दिसतं.) मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. माझ्या कानात गरम वाफ गेली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी मामींशी थेट बोललो. मी म्हणालो, अक्कल गावाकडं ठेवून आलात काय. बँकेच्या बाईसमोर म्हणालो. मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं, मी मागं वळून बघितलं सुद्धा.

मामींनी पदर पुढं ओढला आणि पाण्याच्या टाकीकडं बघून म्हणाल्या, त्यांना म्हणावं, धुळीचा कण बसू दिला नाही. मग एकेक दगड सोडला, घोंगडी घडी करून भिंतीशी ठेवली आणि खाली गेल्या (रोज पाचला ऊन उतरलं की त्या हेच करत असणार, आणि शुक्रवारी मी घरी म्हणून वर येतच नसणार). रात्री जेवल्या नाहीत. सकाळी मी उठायच्या आत पिशवी घेऊन स्टँडवर. प्रांजलीनं तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद केलंय. आता तीही भिंतीमार्फत बोलते.

सगळं लिहून झालं. चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा. थोरांना नमस्कार, मेंढरांना पाणी.

आपला,
बिभीषण

ता. क. घोंगडी इथंच राहिली. बन्सीबरोबर पाठवू का, ते कळवा. खरं तर पाठवायची नाहीत. मामी गेल्यापासून समोरचं जुनं घर पाडून नवी बिल्डिंग बांधायला घेतलीय, तिची धूळ रात्रभर काचांवर बसते आणि सकाळी पॅनल पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसतात. परवा मी एक बादली पाणी घालवलं आणि ड्रमवरची खडूची तारीख बघून मला कसंतरीच झालं.

ता. क. दुसरा. मामा, तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. मोतीबिंदू नव्हता तेव्हाही येत नव्हतं. पहिल्या ओळीपासून हे पत्र कोण वाचतंय तेही मला माहीत आहे. मामी, तुमच्याशी थेट बोललेली माझी ही दुसरी वेळ. पहिली वेळ मी परत घेतो. मी सांगितलं ते तुम्ही तंतोतंत केलं. सांगताना ऊन लागू द्या एवढं म्हणायचं मीच विसरलो, आणि वर तुम्हालाच बोललो. शुक्रवारी बन्सी शहरात येतो, त्याच्या जीपमध्ये पुढची जागा तुमच्यासाठी धरायला सांगितली आहे. या. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत सहाही पॅनल घोंगड्यांनी आणि लुगड्यांनी झाका, रोज झाका, दगडं मी बांधीन. टँकरमागं पळू नका.

आणि शनिवारची ती ओळ तुम्ही मामांना वाचून दाखवली नसणार. मामांनी मध्येच का थांबलीस असं विचारलं असंल, तर म्हणा जावयाचं अक्षर लागत नाही.