गुरुवारची गोळी

अण्णा, मागच्या गुरुवारी तुमच्या सुनेनं माझी माफी मागितली आणि मी ती गुपचूप घेतली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, वर्षाच्या आत लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, आणि त्या घाईत ही घरात आली. लातूरकडची आहे, तळवड्याच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडते. मागच्या गुरुवारी आम्ही चुलतभावाच्या मुलाच्या बारशाहून बसनं परत येत होतो. पाळण्याला हात लावायला तिला कुणी बोलावलं नाही, तिनंही लावला नाही. दापोडीचा पूल आला तशी ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "माझ्यामुळं तुम्हाला बाप होता आलं नाही. एवढं मनात ठेवू नका." मी म्हणालो, "जाऊ दे." बस्स, एवढंच. आठ दिवस झाले, ते 'जाऊ दे' माझ्या घशात अडकलंय. दोष तिचा नव्हता, निदान तिच्या एकटीचा तरी नव्हता, आणि हे फक्त मला माहीत आहे.

सुरुवात कुठून करू? टकलापासूनच करतो. तुम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही. कंपनीत भट्टीवरची माणसं तुम्हाला टकलू म्हणायची आणि तुम्ही त्या हाकेला ओ द्यायचात. तोंड धुताना तोच हात डोक्यावरून फिरवायचात आणि आईला म्हणायचात, "बघ, साबनाची बचत." मला मात्र तिसाव्या वर्षी कंगव्यात केस दिसायला लागले आणि माझी झोप उडाली. चाकणला नवीन लागलो होतो. हेल्मेटनं केस जातात असं लाइनवर सगळे म्हणायचे, म्हणून मी हेल्मेटच्या आत रुमाल घालायचो. तुम्ही ते पाहिलंत. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या लोकलनं मावळात गावी गेलात आणि ओढ्याकाठचा माका पिशवी भरून घेऊन आलात. मला ते स्वयंपाकघर आत्ताही दिसतं. तुम्ही बनियनवर उभे आहात, कढईत खोबरेल तेल उकळतंय, घरभर हिरवट वास सुटलाय, आणि आई करवादतेय, "स्वतःच्या डोक्यावर एक केस न्हाई, आन निघाले तेल कराया." तुम्ही शांतपणे झारा फिरवत म्हणालात, "मला जमलं न्हाई म्हनून पोरालाबी जमू नये व्हय?"

ते तेल मी दोनदा लावलं. उशीला डाग पडायचे, बसमध्ये वास यायचा. बाटली मोरीतल्या फळीवर मागे सरकवली. महिन्याभरानं तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणालो, रोज लावतो. तुम्ही मोरीत जाऊन बाटली घेऊन आलात, उजेडात धरलीत. ती जवळजवळ भरलेली होती. ओरडला नाहीत. म्हणालात, "आवडलं न्हाई तर न्हाई म्हन की. खोटं कशापायी? मी काय खातो का तुला?" मी दुसऱ्याच आठवड्यात चिंचवडच्या त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. डोक्याला चोळायचं पाण्यासारखं औषध त्यांनी दिलं. पहिल्या दोन महिन्यांत होते त्यातलेही गळले, डोकं खाजायचं, कोंड्यासारखे पापुद्रे शर्टावर पडायचे. मग कपाळावर थोडी लव आली आणि मी रोज आरशापुढे उभा राहून ती मोजू लागलो.

त्याच वर्षी तुम्ही गेलात. छातीत दुखलं आणि तीन दिवसांत सगळं संपलं. दहाव्याला नदीवर न्हावी बसला होता. चुलतभावांनी एकेक करून डोकी पुढं केली. माझी पाळी आली आणि मी म्हणालो, "मला औषध चालू आहे. डॉक्टरांनी वस्तरा लावू नका सांगितलंय." कुठल्याच डॉक्टरनं तसं सांगितलं नव्हतं. काका म्हणाले, "आरं, बापासाठी केस द्यायचेत, जीव न्हाई मागत कुनी." मी हललो नाही. मला पुढच्या महिन्यात मुलगी बघायला जायचं होतं, अण्णा. नुकतीच उगवलेली लव होती, ती पुन्हा येईल न येईल याची भीती होती. न्हाव्यानं मागच्या बाजूनं चिमूटभर केस कापले आणि मला उठवलं. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, माणूस समाधानानं गेला. मीही तेच धरून बसलो, की तुम्ही रागावला नाहीत. पण घरी येऊन मी आरशात पाहिलं, केस जागेवर होते, आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

लग्न ठरल्यावर त्याच डॉक्टरांनी केसांसाठी रोज एक गोळी चालू केली. ती मी नऊ वर्षं घेतली. बायकोला कधी कळू दिलं नाही. जे केस बघून तिनं मला पसंत केलं ते गोळीवर उभे आहेत, हे तिला कसं सांगायचं? पाकीट कंपनीच्या लॉकरमध्ये, सेफ्टी शूजच्या खोक्यात असायचं. बुधवारी सुटताना गुरुवारच्या सुट्टीची एक गोळी कागदात गुंडाळून बसच्या पासमागे ठेवायचो आणि सकाळी दूध आणायला म्हणून खाली उतरलो की गिळायचो. तिसऱ्या वर्षापासून शरीर माझं ऐकेना. इच्छाच व्हायची नाही, झाली तर टिकायची नाही. मन सारखं उदास असायचं. मी शिफ्टवर ढकललं, ओव्हरटाइमवर ढकललं. एकदा ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती, माझा शर्ट हातात तसाच धरून तिनं विचारलं, "मी आवडत नाही का तुम्हाला? खरं सांगा." मी म्हणालो, काहीतरीच काय बोलतेस. तिनं शर्टाची घडी घातली. पुन्हा कधी विचारलं नाही.

मग मूल होईना म्हणून दवाखाने सुरू झाले. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काही औषधं चालू आहेत का?" ती शेजारीच बसली होती. मी म्हणालो, नाही. नदीवर नसलेल्या सल्ल्याची ढाल केली होती, इथं असलेली गोळी गिळून टाकली. माझा रिपोर्ट थोडा कमी आला, बाईंनी ताकदीची औषधं दिली. बाकी सगळं तिच्या अंगावर गेलं. नळ्यांची तपासणी झाली, दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, महिनोनमहिने इंजेक्शनं झाली. रिक्षातून घरी येताना पोटावर हात दाबून बसायची आणि मलाच विचारायची, तुमची रजा पगारी आहे ना. आई तिच्या देखत शेजारणीला सांगायची की आमच्या घराण्यात असलं कुणाचं नाही. मी आतल्या खोलीत ऐकत असायचो. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "आता बास. माझ्यानं होत नाही," आणि फाइल कपाटाच्या वर टाकली.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या बसमध्ये पेंट शॉपचा एक जण शेजारी बसला होता. माझ्या केसांचं कौतुक करता करता हळूच म्हणाला, "भावा, गोळी घेतोस का? मीपण घ्यायचो. डॉक्टरनं बंद करायला लावली, बायकोला दिवस राहत नव्हते." मी हसून विषय बदलला आणि त्या दिवसापासून गोळी बंद केली. एकटाच एका डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, काही जणांना असा त्रास होतो, बहुतेकांचा गोळी थांबवल्यावर जातो, तुमच्या बाबतीत तेच कारण होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "पण विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं." दोष नक्की कुणाचा हे आता कधीच कळणार नाही, अण्णा. मी सांगितलं असतं तर ते कळलं असतं, आणि तिची निम्मी इंजेक्शनं तरी वाचली असती. गोळी थांबल्यावर माझं शरीर, मन बरंचसं ताळ्यावर आलं. पुन्हा प्रयत्न करू या म्हणावंसं फार वाटलं. पण तसं म्हणायचं तर आधी गोळीचं सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिलो आणि ती एक्केचाळीस वर्षांची झाली.

केस वर्षभरात गेले. आता मी थेट तुमच्यासारखा दिसतो. ती भाजी निवडता निवडता माझ्या डोक्यावरून हात फिरवते, म्हणते, "असेच छान दिसता. मला तर केसांचं कधी काही नव्हतंच." "मला बघायला आलात तेव्हा तुमचा आवाज आवडला होता," असंही तिनं परवा मला सांगितलं. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

आज पुन्हा गुरुवार आहे. ती आत पीठ मळतेय, मी टेबलावर बसून लिहितोय. मघाशी तिनं विचारलं, काय लिहिताय एवढं. मी म्हणालो, ऑडिटचं काम आहे. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तुम्हाला पाठवणार तरी कुठं? पण एक सांगून टाकतो. मी सकाळी तिलाच लिहायला बसलो होतो. वर तिचं नाव लिहिलं, आणि पुढं हात चालेना. ते वाचून ती काय विचारेल ते मला माहीत आहे. तुम्ही काही विचारणार नाही, म्हणून तो कागद फाडला आणि नव्या कागदावर अण्णा असं लिहिलं.