यापुढचा प्रत्येक मेल आईला वाचून दाखवावा

मी, दर्शना अरविंद हाटे, वय ३१ वर्षे, धंदा नोकरी, मूळ राहणार बौद्धवाडी, कापडे, तालुका पोलादपूर, सध्या राहणार महाड, हे मृत्युपत्र स्वतः टाइप केले आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. मला कोणी भाग पाडलेले नाही. येत्या १७ तारखेला मुंबईत माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांच्या मते धोका कमी आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून हा कागद. माझी प्रकृती व बुद्धी यांबाबतचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

माझे लग्न झालेले नाही. वडील अरविंद हाटे कापड्याच्या टपाल कार्यालयात टपाल वाटत. ते २०१९ साली वारले. मागे आई कमळाबाई, वय ६१, आणि धाकटा भाऊ बुद्धरत्न, वय २६. बुद्धरत्न फेब्रुवारी २०२४ पासून बेपत्ता आहे. तो मृत आहे असे या मृत्युपत्रात कोठेही मानलेले नाही व कोणी मानू नये.

माझी मावसबहीण शर्मिला, पोलादपुरात शिक्षिका, हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तिने होकार दिला आहे. होकार देताना ती रडली. त्याने नेमणुकीला बाधा येत नाही.

१. कापड्याचे तीन खोल्यांचे घर आणि अकरा गुंठे भातजमीन यांत आई, बुद्धरत्न व मी असे तिघांचे समान हिस्से आहेत. माझा हिस्सा बुद्धरत्नला. आईने हयातभर तेथेच राहावे. घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि पुढच्या दाराची कडी बदलू नये. ती बाहेरून कशी उघडायची हे त्याला माहीत आहे.

२. बँकेतील शिल्लक, भविष्य निर्वाह निधी व विम्याची रक्कम आईला. सर्व ठिकाणी वारस म्हणून तिचे नाव लावलेले आहे.

यासंबंधी आईसाठी सूचना. मी गेल्यावर तुला मेल येतील, फोनही येतील. मयताच्या नावाने रक्कम अडकली आहे, आज संध्याकाळपर्यंत फॉर्म भरा नाहीतर परत जाईल, असे त्यांत असेल. घाई हीच पहिली ओळख. खऱ्या विम्याला घाई नसते, उलट तुला चार खेपा घालाव्या लागतील. पाठवणाऱ्याचे नाव वाचून थांबू नये, त्याखालचा पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. नाव कोणीही कोणाचेही लावतो. मेलमधल्या निळ्या ओळीला बोट लावू नये. त्यात दिलेल्या नंबरावर फोन करू नये. पासबुकावर छापलेल्या नंबरावर करावा. फोनवर आलेला आकडा कोणी मागितला तर तो चोर, मग तो साहेब असो की माझा मित्र. आणि माझ्या नावाने मेल आला तर तो मी पाठवलेला नाही.

३. माझ्या निधनाचा फ्लेक्स लावू नये. जलदानविधीच्या पत्रिकेत वय, कंपनी, फोन नंबर छापू नयेत. अशा पत्रिका फोनवरून फिरतात आणि ज्यांनी वाचू नयेत ते नीट वाचतात. आमच्याकडे बाबांच्या वेळी पंधरा दिवसांत चोरांचा पहिला फोन आला होता.

४. लॅपटॉप कापड्याच्या विहारातील वाचनालयास. सोबत माझी निळी फाईल. तिच्यात दोनशे बारा बनावट मेल छापून ठेवले आहेत. प्रत्येकावर लाल पेनाने खुणा केल्या आहेत व समासात कारण लिहिले आहे. कंपनीत संशयित मेल तपासणे हे माझे काम आहे. बचत गटाच्या बायकांना ही फाईल शर्मिलाने शिकवावी. गटातल्या सुंदराबाईंनी, मी मागच्या वेळी शिकवायला गेले तेव्हा, विचारले होते, "पन मंग खरा कसा असतो गो, तो एक तरी दाखव." फाईलमध्ये खरा मेल एकही नाही. ही त्रुटी माझी.

५. चुलते रावजी हाटे यांना काही देत नाही. विहारात, सर्वांसमोर ते म्हणाले होते, "कॉम्प्युटरातले चोर धरते म्हनं ही. आनि सख्खा भाऊ चोरीला गेला, तवा कुठं होती?" वाक्य वस्तुस्थितीला धरून होते. ते मी विसरलेले नाही.

६. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. ते सत्य आहे असे मी प्रतिज्ञेवर सांगते.

जानेवारी २०२४ मध्ये बुद्धरत्नने मला एक मेल पुढे पाठवला. परदेशात माहिती भरण्याची नोकरी, राहणे-जेवण फुकट, मुलाखत नाही. मी तीन शब्दांत उत्तर दिले: "बनावट. डिलीट कर." कारणे लिहिली नाहीत. अनोळखी सहकाऱ्याला मी अर्धे पान कारणे लिहिते. त्याने फोन केला. म्हणाला, "ताई, तुला सगळंच बनावट दिसतं. मीपन." मी म्हटले, मीटिंगमध्ये आहे. मी खरोखर मीटिंगमध्ये होते.

तो गेला. त्याला रिक्षाने वीर स्टेशनला सोडणारे दीपक उतेकर या मृत्युपत्राचे एक साक्षीदार आहेत. त्यांच्या सांगण्यानुसार तो आनंदात होता, त्याने त्यांना पेढे दिले. विमानतळावरून एक फोन आला, त्यानंतर काही नाही. पोलिसांत तक्रार आहे, दूतावासाला चार अर्ज आहेत, प्रती फाईलच्या मागच्या खणात. अशा मुलांना कोंडून ठेवून त्यांच्याकडूनच बनावट मेल लिहून घेतात, हे मला कामामुळे आधीपासून माहीत होते. तेव्हापासून कामावर मराठीतला बनावट मेल आला की मी तो पुन्हा वाचते. एकात "नाही"च्या जागी "नाय" होते. तो मी तीनदा वाचला.

आईचा मेल मीच सांभाळते. ३ जून २०२५ रोजी सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी त्यावर अनोळखी पत्त्यावरून एक मेल आला. इंग्रजी अक्षरांत मराठी. मजकूर मला आठवतो तो असा: "आये मी बरा आहे. पिशवीतली कोंबडी अजून बसते का. पैसे नको पाठवू. कोणाला सांगू नको. फक्त एकदा उत्तर दे."

मी तो माझ्या पद्धतीने तपासला. पत्ता अनोळखी. सही नाही. गुप्ततेची मागणी. मधले वाक्य निरर्थक, म्हणजे यंत्राने जुळवलेले. पैसे न मागणे हीही एक पद्धत आहे: आधी फक्त उत्तर मागतात, उत्तर आले की पत्ता चालू आहे हे कळते. म्हणून उत्तर देऊ नये, असे मीच शिकवते. मी मेल कचऱ्यात टाकला आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बंद केला, म्हणजे तेथून पुन्हा काही येणार नाही. दीड मिनिट लागले. आईला विचारले नाही. तिने उगाच आशा धरू नये, असा त्यामागे हेतू होता.

१० जुलैला, आषाढ पौर्णिमेला, विहारातून परतताना आई म्हणाली, "बुध्याचा निरोप आला तर खूण घालूनच येल तो. बापाचा पोर हाय."

मी विचारले, "कसली खूण?"

पूर्वी मुंबईहून गाववाल्याच्या हाती निरोप पाठवताना घरातली एखादी गोष्ट सांगून पाठवत. ती ऐकली की निरोप आपल्याच माणसाचा हे पटे. बाबांनी टपाल वाटताना अशा कित्येक खुणा ऐकल्या होत्या. आमच्या घरालाही खूण आहे हे मला माहीत नव्हते.

"कोंबडीची," आई म्हणाली आणि हसली. "तुझ्या बाबांच्या टपालाच्या पिशवीत कोंबडी बसली व्हती. अंडी फुटली, चार पत्रं खराब झाली. बाबांनी साहेबाला सांगितलं, ओढ्यात पडली. तू तवा महाडला वसतिगृहात व्हतीस. बाबा म्हनाले, दर्शीला सांगू नका, ती कुनी इचारलं तर खरं सांगेल."

मी रस्त्यातच थांबले आणि आईला मेलचे सांगितले. ती म्हणाली, "बाय, मला नुस्तं वाचून दाखवायचं व्हतंस."

कचऱ्यातला मेल तीस दिवसांनी कायमचा पुसला जातो. सात दिवस उशीर झाला होता. मेलची सेवा देणाऱ्या कंपनीला लेखी विचारले. परत मिळत नाही. बंद केलेल्या पत्त्यांच्या यादीत तो पत्ता होता. त्यावर मी लिहिले. असा पत्ता अस्तित्वात नाही, असे उत्तर यंत्राकडून आले.

हे सर्व येथे लिहिण्याचे कारण माफी मागणे नव्हे. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत असे कायदा गृहीत धरू शकतो. ती सात वर्षे फेब्रुवारी २०२४ पासून मोजू नयेत. ३ जून २०२५ रोजी बुद्धरत्न अरविंद हाटे जिवंत होता. पुरावा मी नष्ट केला आहे, म्हणून साक्ष मी देते. कोणी त्याच्या हिश्श्यावर हक्क सांगितल्यास हे कलम न्यायालयात वाचावे.

७. आईचे मेल खाते बंद करू नये. फोनचे रिचार्ज चुकवू नये. बनावट मेल अडवण्यासाठी मी लावलेल्या सर्व गाळण्या काढल्या आहेत, त्यामुळे कचरा खूप येईल. शर्मिलाने दर रविवारी कापड्याला जाऊन आलेला प्रत्येक मेल, लॉटरीचा, औषधांचा, कसलाही असो, आईला पूर्ण वाचून दाखवावा. बनावट कोणता हे शर्मिलाने सांगावे. आपला कोणता हे आईने ठरवावे. कलम २ मधील नियम पैशाला लागू आहेत. आईने आपला म्हटलेल्या मेलला उत्तर देण्यास ते लागू नाहीत.

८. बुद्धरत्न स्वतः आला तर कागदपत्रे तलाठ्याने मागावीत, घरातल्या कोणी मागू नयेत. त्याला वीरहून घरी आणण्याबद्दल मी दीपक उतेकर यांच्यासाठी काही ठेवणार होते. ते म्हणाले, "ताई, ते लिवलंत तर सही नाय करनार." म्हणून लिहिलेले नाही.

९. कोंबडीची खूण आता परक्यांच्या नजरेखालून गेलेली आहे, म्हणून ती येथे उघड लिहिली. नवी हवी होती. तीही त्याला आधीपासून माहीत असलेली. उत्तरात अर्धी विचारायची, उरलेली अर्धी त्याने सांगायची. घराने माझ्यापासून लपवलेल्या आणखी गोष्टी आहेत का, असे मी आईला विचारले. तिने बोटांवर मोजल्या. तीन निघाल्या. त्यांतली एक ठरली. ती कोठेही लिहिलेली नाही आणि लिहू नये. काल आईने ती शर्मिलाच्या कानात सांगितली. गुप्त गोष्ट जितक्या कमी लोकांना माहीत तितकी बरी, म्हणून मी उठून बाहेर निघाले होते.

आई म्हणाली, "बस गो. तू पन घरातलीच हायस."

ती मला माहीत आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वरील नऊ कलमे मी वाचून पाहिली, आईला वाचून दाखवली, आणि खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही केली. दोघांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही.

सही: दर्शना अरविंद हाटे

साक्षीदार:
१) रेश्मा येसाजी सकपाळ, सहकारी, राहणार महाड. सही
२) दीपक धोंडू उतेकर, रिक्षाचालक, राहणार महाड. सही

ठिकाण: महाड
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५