आईची हजेरी

१ ऑगस्ट
आजपासून एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक तास माझ्याकडे. पीएच.डी. करता करता शिकवा, असं गाइड सरांनी फर्मावलंय. पहिल्याच बाकावर कोण? आई. शिलाई करत बाहेरून बी.ए. झाली, आता म्हणे "मला बाकावर बसून शिकायचंय."
पप्पा : "पिंकी, मास्तरीण नि विद्यार्थीण एकाच स्कूटीवर. पेट्रोल तरी वाचलं."
आई गेटच्या अलीकडे, झेरॉक्सच्या दुकानापाशीच उतरली. "मॅडमच्या गाडीवरून उतरलेलं बरं दिसत नाही." नातं कुणाला सांगायचं नाही, असं तिनंच ठरवलंय.

२ ऑगस्ट
हजेरी घेताना 'पगारे'पाशी आले नि जीभ अडली. आईला नावानं हाक? तीही भर वर्गात? सरळ पुढचं नाव घेतलं. नंतर खूण करू.

१९ ऑगस्ट
अजून तेच. नंतर पेन उचलते, मग वाटतं, आईची हजेरी मागाहून लावली असं कुणी म्हणालं तर? जागा रिकामीच राहते. संशोधन पद्धती शिकवणारी मी, आणि पद्धत ही अशी.
आई भाकरी थापताना विचारते, "गृहीतक म्हणजे नेमकं काय गं?" इतकी गोड दिसते तेव्हा.

७ ऑक्टोबर
नोटीस बोर्डावर यादी. माझ्या विषयात हजेरी कमी, परीक्षेला बसता येणार नाही. त्यात आई! रिकाम्या जागा ऑफिसनं गैरहजेरी धरल्या. एक तास चुकवला नाही तिनं.
सुरगाण्याचा संदीप वर्गात उभा राहिला. "मॅडम, काकू तर रोज येत्यात. माझ्या शेजारीच बसत्यात." मी घाईघाईनं फळ्यावर तारीख लिहायला लागले.
घरी आई म्हणाली, "मला वाटायचं, माझी हजेरी तू मनातच घेतेस." खूप रडले.

८ ऑक्टोबर
आई : "सरांना सांगू नको. तुझं शिकवणं जाईल. मी पुढच्या वर्षी बसेन परीक्षेला." मग मशीनवर बसली. ब्लाऊज तसाच सुईखाली, पाय काही हलेनात.

९ ऑक्टोबर
विभागप्रमुखांना सगळं सांगून टाकलं. ती माझी आई आहे, नाव घ्यायला जीभ रेटली नाही. सर चष्मा पुसत राहिले. हसू दाबत होते की राग, कोण जाणे.
"लेखी द्या. समिती ठरवेल." पुढच्या आठवड्यात कळेल. संदीप साक्ष द्यायला तयार. माझ्या तासांचं काय, ते विचारायचं धाडस झालं नाही.

१० ऑक्टोबर
आज आई झेरॉक्सपाशी उतरली नाही. विभागाच्या पायरीपर्यंत मागे बसून आली, सगळ्यांसमोर.
हजेरी. "पगारे सुमन भास्कर." आवाज बारीकच निघाला. आई वहीत डोकं घालून. आपलं नाव येत नाही, याची सवयच झालेली तिला. पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. दचकून उभीच राहिली.
"हजर, मॅडम."
संदीपनं बाक वाजवला, मग सगळ्यांनीच.
घरी येताना मागून माझ्या खांद्यावर हात. "लग्नानंतर असं अख्खं नाव कुणी घेतलंच नाही गं. पिंकीची आई, नाही तर शिलाईवाल्या ताई."
मी म्हटलं, "आई, समिती काय करेल सांगता येत नाही."
"ते होईल ते होईल. उद्यापण घेशील ना नाव?"