काचेचं दुसरं टोक

दादा, तुला आणि वहिनीला नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

इथेही काचाच बसवतो. जोडीदार भला माणूस, त्याचं-माझं सगळं पटतं. तरी परवा जिन्यात तो थांबला नि मी पायरी उतरलो. काच फुटली, त्याची दोन बोटं गेली. आता माझ्याबरोबर काच उचलायला कुणी तयार नाही. मी गोदाम झाडतो. आईला सांगू नकोस.

आपलं उभ्या जन्मात एकाही गोष्टीवर पटलं नाही. पण काच उचलल्यावर तू नुसता श्वास घेतलास तरी मला कळायचं, आता वळायचं.

रागाच्या भरात निघून आलो, चुकलंच. आपल्या दुकानात काचेचं दुसरं टोक आता कोण धरतं?

तुझा,
धाकटा