उरलेलं तुझ्या आयुष्यात

२ एप्रिल

पोचलो बुवा! शुब्रा मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर उसाचा रस विकणारा हा सिदकी आज कैरोतल्या गारेगार कचेरीत फिरत्या खुर्चीवर बसला. इथे शहरातल्या डॉक्टरांची क्रमवारी लागते : सोशल मीडियावर कोणाचं वजन किती. फॉलोअर विकत मिळतात, म्हणून त्यांना फारशी किंमत नाही. लाइकला चिमूटभर गुण. खरा भाव लोक खाली काय लिहितात त्याला. तिथेच गुण मोजणाऱ्या यंत्राची गोची होते. 'वा रे बाशा!', म्हणजे वा रे सरदार, हे कौतुक की टोमणा, त्याला उमगत नाही. गिऱ्हाइकांच्या बोलण्यावर तयार झालेले माझे कान त्यासाठीच घेतलेत. साहेब फिक्री बे मला अम्म, म्हणजे काका, म्हणतात. म्हणाले, अम्म सिदकी, आता रस काढायचा तो शब्दांचा! गंमत्या माणूस.

घरी नरमीनला सांगितलं. माझी एकुलती एक, दातांची डॉक्टर. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच. म्हणाली, बाबा, माझ्यासाठी वशिला लावायचा नाही हं.

५ एप्रिल

फिक्री बेंनी विचारलं, लोक मनापासून कधी लिहितात? मी म्हटलं, मयताला. दारात आलेला प्रत्येक जण म्हणतोच, 'उरलेलं तुझ्या आयुष्यात' – गेलेल्याचं राहिलेलं आयुष्य तुला मिळो. वैरीसुद्धा म्हणतो. साहेब खूश! त्या वाक्याला सगळ्यांत जास्त गुण ठेवायचे ठरलं. ठेवले मीच.

९ एप्रिल

शिसारी आली. त्वचेचे एक डॉक्टर आईच्या जनाज्यापुढे उभे राहून व्हिडिओ काढतात. डोळे पुसतात, मोबाइल जरा तिरपा धरतात, पुन्हा पुसतात. खाली 'उरलेलं तुझ्या आयुष्यात'चा पूर. तळातून थेट दुसरे! ते बघून बाकीच्यांनी कुठकुठल्या चुलतआत्या उकरून काढल्या. फिक्री बे वसंताच्या सणाची फसीख, खारवून कुजवलेली मासळी, टेबलावरच सोलत होते. त्याच बोटानं त्यांनी मला पडद्यावरचे अश्रू दाखवले. डॉक्टरांच्या गालावर तेलकट ठसा राहिला. तो पुसायचं माझ्या जिवावर आलं.

१२ एप्रिल

काहीतरी चुकतंय. हृदयाचे डॉक्टर रमसीस सकाळी एकदम वर चढले. शोकाचे गुण. पण पानावर शोकाचा एकही संदेश नाही. फोन करून सहज विचारलं, घरी सगळे बरे ना? हसून म्हणाले, अहो, भाऊ समोर बसून सणाची अंडी रंगवतोय, रंगानं बरबटलेत हात त्याचे!

दुपारी तो भाऊ गेला. मग संदेश आले. जेवढे गुण आधीच दिले होते, तेवढेच.

१४ एप्रिल

पुन्हा तेच. आधी गुण, मग मयत. फिक्री बे म्हणतात, यंत्र हुशार झालं, अम्म सिदकी, तुमचाच चेला!

मासळीचा वास हातातून जात नाही. मी तर तिला शिवलोही नाही.

त्या वाक्याचे गुण शून्य केले. पापणी लवते न लवते तोच आकडा परत जागेवर. मी यंत्राला बोलणं शिकवलं. त्यानं ते अक्षरशः घेतलं – एकाचं उरलेलं काढायचं – दुसऱ्याला –

१५ एप्रिल

नरमीनचा फोन. किंचाळत. बाबा, मी पहिली! लावलात ना वशिला, लबाड कुठले! दवाखान्यात शरबत वाटतायत. मबरूक, अभिनंदन, म्हटलं.

तिचे गुण बघितले. सगळे शोकाचे.

आई नाही. भाऊ नाही. बहीण नाही.

फिक्री बे बोटं चाटत माझ्याकडे बघतायत. सहज विचारलं त्यांनी, तुमच्यासारखा कानाचा तयार आणखी कोणी आहे का हो ओळखीत?

तिच्या पानावर पहिला संदेश उमटतोय. एकेक अक्षर. छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं – नरमीन, फोन उचल – वाचू नकोस ते, पोरी – उरलेलं तुझ्या आयु–